धूर, चमक आणि रक्त: हॅलोविनच्या पेयांसाठी मिळणाऱ्या सामानाची पारख

हॅलोविनच्या पार्टीत पेयांचं टेबल मांडलं की पहिली पाच मिनिटं सगळेच खूश असतात. खरी परीक्षा विसाव्या मिनिटाला होते. तोवर धूर विरलेला असतो, काळा रंग जांभळट राखाडी पडलेला असतो, जेलीच्या किड्यांचा लगदा झालेला असतो आणि अर्धे भरलेले पेले टेबलाच्या कडेला बेवारस पडलेले असतात. म्हणून या सामानाची पारख इथे दोनच प्रश्नांवर केली आहे. परिणाम किती वेळ टिकतो? आणि तो ओसरल्यावर पेल्यात जे उरतं ते प्यावंसं वाटतं का?

आधी तयार ‘पोशन किट’चं बघू, कारण नवखे तिथेच फसतात. नाव मोठं, लक्षण खोटं. डब्यात साधारण तेच ते असतं: चमकणाऱ्या कांड्या, आत दिवा असलेले प्लास्टिकचे बर्फाचे खडे, प्लास्टिकचे कोळी, कागदी स्ट्रॉ, बाटल्यांवर चिकटवायची लेबलं आणि चमकीची एक पुडी. यातली लेबलं आणि स्ट्रॉ खुशाल वापरा. कांड्या मात्र पेयात बुडवू नका. कांडीच्या आत काचेची बारीक नळी असते. कांडी वाकवली की ती फुटते, दोन रसायनं एकत्र येतात आणि उजेड पडतो. बाहेरच्या प्लास्टिकला चीर गेली तर रसायन आणि काचेचे कण थेट पेल्यात. त्यापेक्षा एकात एक बसणारे दोन पारदर्शक पेले घ्या आणि कांडी त्यांच्या मधल्या फटीत सरकवा. उजेड तेवढाच, धोका नाही.

दिव्याच्या खड्यांत चपटी बटण-बॅटरी असते. लहान मुलाने ती गिळली तर अन्ननलिकेला दोन तासांच्या आत गंभीर जखम होऊ शकते. त्यामुळे बॅटरीचं झाकण स्क्रूने घट्ट बसलेलं नसेल तो खडा घेऊच नये. मुलांची पार्टी असेल तर हे खडे नकोतच.

धूर: ड्राय आइस आणि त्याचा स्वस्थ भाऊ

धुराच्या बाबतीत ड्राय आइसला तोड नाही, पण बहुतेक जण तो चुकीच्या जागी टाकतात. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. उणे ७८.५ अंश सेल्सिअसला तो न वितळता थेट वायू होतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसणारा पांढरा लोट म्हणजे त्या थंडीने हवेतल्या आणि पाण्यावरच्या बाष्पाचे झालेले बारीक थेंब. म्हणजे पाणी जितकं गरम तितकं बाष्प जास्त आणि धूर दाट. गार सरबतात तुकडा टाकला तर धूर येतो तो केविलवाणा. वर तुकड्याभोवती बर्फाचं कवच धरतं आणि उरलासुरला धूरही मंदावतो.

म्हणून दोन भांड्यांची पद्धत सगळ्यात उत्तम. आत ३ ते ४ लिटरचं पंचचं, म्हणजे रसांच्या मिश्र पेयाचं, भांडं ठेवायचं आणि बाहेर चहूबाजूंनी सात-आठ सेंटिमीटर जागा राहील असं मोठं भांडं. मधल्या जागेत ५० अंशांचं दोन लिटर पाणी ओतायचं. अर्धा किलो ड्राय आइसचे अक्रोडाएवढे तुकडे करून ठेवायचे आणि एका वेळी १०० ग्रॅम पाण्यात सोडायचे. सगळे एकदम टाकले तर दोन-तीन मिनिटं खोली भरते आणि मग सगळं शांत. प्रत्येक १०० ग्रॅममागे हे दोन लिटर पाणी साधारण ७ अंशांनी गार होतं. तिसऱ्या खेपेपासून धूर पातळ होतो तो यामुळेच. अशा वेळी लोक आणखी तुकडे टाकत राहतात आणि पाणी अजूनच गारठवतात. करायचं उलट: दोन मग गार पाणी काढून घ्यायचं आणि तेवढंच गरम पाणी ओतायचं. आतल्या पंचाला ड्राय आइसचा स्पर्शही होत नाही, त्यामुळे चव बदलत नाही आणि कुणाच्या तोंडात तुकडा जाण्याची भीती उरत नाही.

ही भीती उगाच नाही. साधा बर्फ तरंगतो, ड्राय आइस मात्र पाण्याच्या दीडपट जड असल्याने बुडाशी बसतो. स्ट्रॉने पिणाऱ्याच्या तोंडात बारीक खडा सहज येतो, आणि तो जिभेला किंवा घशाला लागला की भाजल्यासारखी जखम होते. पेल्यातच धूर हवा असेल तर ड्राय आइससाठी खास मिळणाऱ्या जाळीदार कुपीच्या ढवळण्या घ्या. तुकडा कुपीत बंद राहतो, पेयात मोकळा सुटत नाही. ५ ते १० ग्रॅमचा तुकडा पुरतो. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत पेला कुणाच्या हातात द्यायचा नाही. आणि हो, वायू पेयात थोडा विरघळतो, त्यामुळे चव किंचित आंबूस होते. लिंबाचं सरबत ते सहन करतं, दुधाचं पेय करत नाही.

द्रवरूप नायट्रोजनचा मोह घरी नकोच. तो उणे १९६ अंशांचा असतो. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर इथे द्रवरूप नायट्रोजन घातलेलं कॉकटेल प्यायल्यावर एका तरुणीचं जठर काढावं लागलं होतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ऐनवेळी द्रवरूप नायट्रोजन घालून दिल्या जाणाऱ्या पदार्थांविषयी लोकांना सावध केलं.

ड्राय आइस विकत घेताना खाद्य-दर्जाचा आहे का हे विचारा आणि पार्टीच्या दिवशीच आणा. लहान गोळ्यांपेक्षा अखंड लादी जास्त टिकते, कारण तिचा हवेला लागणारा पृष्ठभाग कमी असतो. फोडायची तर जाड फडक्यात गुंडाळून, वरून हातोडीने, डोळ्यांवर चष्मा चढवून. साठवायचा थर्माकोलच्या डब्यात, झाकण सैल ठेवून. घरच्या फ्रीजरचे उणे १८ अंश म्हणजे त्याच्यासाठी भट्टीच, तिथे ठेवून काही साधत नाही. हवाबंद डबा, थर्मास, झाकणाची बाटली, कॉकटेल शेकर यांत तर तो कधीच बंद करायचा नाही. १०० ग्रॅममधून ५० लिटरहून जास्त वायू निघतो, भांडं फुटणारच. हाताळायला चिमटा किंवा जाड उबदार हातमोजे हवेत. पातळ रबरी मोज्यांचा इथे उपयोग नाही.

खोलीचा हिशोबही करून ठेवावा. अर्ध्या किलोतून सुमारे २७० लिटर वायू सुटतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंचीच्या बंद खोलीत हे प्रमाण १ टक्क्याच्या पुढे जातं. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी मानली जाणारी मर्यादा अर्धा टक्का आहे. खिडकी उघडी ठेवली की प्रश्न मिटतो. वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून रांगती मुलं आणि पाळीव प्राणी खाली असतील तर भांडं उंचावर ठेवायचं आणि दारही उघडं टाकायचं. गाडीतून आणतानाही काच खाली.

आता त्या स्वस्थ भावाविषयी. अल्ट्रासॉनिक धुकेयंत्र म्हणून एक चकती मिळते. ती पाण्यात बुडवली की कंपनांनी पाण्याचे तुषार उडतात. बाहेरच्या भांड्यात साधं पाणी घालायचं, चकतीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी राहील असं बघायचं, आणि संध्याकाळभर धुकं चालू. पाणी त्याहून खोल झालं तर धुकं मरतं, उथळ झालं तर शिंतोडे उडतात आणि चकती तापते. धुकं विरळ असतं, ड्राय आइससारखं काठावरून खाली ओघळत नाही. पण मुलांच्या पार्टीत आमचं मत या चकतीलाच. फक्त ती पिण्याच्या पाण्यात टाकायची वस्तू नाही.

काळी कढई, जिला चेटकिणीची कढई म्हणून विकतात, ती याच पद्धतीत बाहेरचं भांडं म्हणून शोभते. बहुतेक कढया सजावटीच्या असतात, त्यांचं प्लास्टिक किंवा रंग खाण्यापिण्यासाठी नसतो. खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित असल्याची खूण तळाशी नसेल तर तिच्यात थेट पंच ओतायचा नाही. तांब्याच्या भांड्यांचंही तसंच. आंबट पेय आतल्या उघड्या तांब्याला लागता कामा नये.

रंग बदलणारा पेला: इथे पैसे वसूल

या सगळ्या सामानात आमचा पहिला क्रमांक गोकर्णाच्या वाळलेल्या फुलांचा. दाम कमी, परिणाम हमखास आणि शेवटच्या घोटापर्यंत रंग टिकतो. फुलातल्या अँथोसायनिन रंगद्रव्याला आंबटपणा कळतो. साध्या पाण्यात ते निळं, लिंबू पिळलं की जांभळं, आणखी पिळलं की गुलाबीकडे झुकणारं. खायच्या सोड्याने तेच हिरवट होतं. २०२१ मध्ये एफडीएने गोकर्णाच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली.

प्रमाण असं: २०० मिली पाण्याला आठ-दहा फुलं. पाणी उकळून दोन मिनिटं थांबायचं, फुलं टाकायची, पाच मिनिटांनी गाळायचं. दहा-पंधरा मिनिटं ठेवलं तर रंग फारसा वाढत नाही, पण कच्च्या शेंगेसारखा वास उतरतो. गाळून पूर्ण गार करायचं आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवायचं. आदल्या दिवशी केलेलं चालतं, त्याहून आधी नको, कारण उजेडात आणि उबेत रंग फिका पडतो. पेल्यात बर्फ, १५० मिली निळं पाणी आणि २० मिली साखरेचा पाक. सोबत छोट्या कुपीत १० मिली लिंबाचा रस. पाहुण्याने स्वतः ओतायचा. हीच गंमत आहे, आधी ओतून ठेवलात तर पेल्यात नुसतं जांभळं सरबत उरतं.

चुका दोन होतात. पहिली म्हणजे निळ्या पाण्यात टॉनिक वॉटर (कडवट, फसफसणारं पेय) किंवा लिंबाची सोडा-पेयं मिसळणं. ती आंबट असल्याने रंग तिथल्या तिथे बदलतो आणि पाहुण्याला दाखवायला काही उरत नाही. साध्या सोड्यातही विरघळलेला वायू पेय किंचित आंबट करतो, त्यामुळे निळा रंग जांभळ्याकडे सरकतो. फेस हवाच असेल तर रंग बदलून झाल्यावर वरून सोडा घाला. दुसरी चूक, गोकर्णाला स्वतःची चव जवळजवळ नसते हे विसरणं. नुसतं निळं पाणी कुणी पीत नाही. त्या पाकात दहा-बारा पुदिन्याची पानं किंवा आल्याचे दोन-तीन काप मुरवून घेतले तर पेयाला जीव येतो. रस घालण्याआधी चाखून बघा: पाक थोडा जास्तच गोड लागला पाहिजे, तरच १० मिली लिंबानंतर तोल जमतो.

बर्फाचे खडेही निळ्या पाण्याचेच गोठवले आणि वरून लिंबाचं सरबत ओतलं तर खडे वितळतील तशा जांभळ्या रेघा उतरतात. याला माणूस उभा करावा लागत नाही, मोठ्या पार्टीत ही पद्धत जास्त सोयीची.

अंधारात चमकणारं पेय

टॉनिक वॉटरमध्ये कडवटपणासाठी क्विनिन असतं आणि अतिनील प्रकाशात क्विनिन निळसर चमकतं. १८५२ मध्ये शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्सने प्रतिदीप्तीवरचा, म्हणजे प्रकाश पडल्यावर पदार्थ स्वतः चमकण्यावरचा, आपला प्रबंध मांडला, त्यातही क्विनिनचं द्रावण होतं. म्हणजे युक्ती जुनी आणि भरवशाची आहे. तरी अर्ध्या घरांत ती फसते, आणि दोष बहुधा टॉनिकचा नसून दिव्याचा असतो.

‘ब्लॅकलाइट’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त एलईडी पट्ट्या बहुतेक ३९५ ते ४०० नॅनोमीटरच्या असतात (हा प्रकाशाच्या तरंगलांबीचा आकडा). त्यांनी खोली जांभळी दिसते, पांढरे कपडे उजळतात, पण क्विनिन जेमतेम मिणमिणतं. क्विनिनला ३५० च्या आसपासचा प्रकाश हवा. म्हणून दिवा ३६५ नॅनोमीटरचाच घ्यायचा, खोक्यावर आकडा छापलेला नसेल तर परत ठेवायचा. दोन मोठ्या दिव्यांपेक्षा टेबलाच्या कडेला, पेल्यांपासून अर्धा मीटरवर लावलेला एक दिवा जास्त काम करतो. तो पाहुण्यांच्या डोळ्यांकडे नाही, पेल्यांकडे वळलेला असावा. खोलीत बाकी अंधार हवा. भोपळ्यांतल्या मेणबत्त्या चालतात, डोक्यावरचा दिवा चालत नाही.

पेल्याचाही वाटा असतो. साध्या काचेतून ३६५ चा प्रकाश जातो, पॉलिकार्बोनेटच्या न फुटणाऱ्या पेल्यांत तो बराचसा अडतो. आणि एक गोष्ट पाककृतींत क्वचितच सांगितलेली असते: मिठाने ही चमक विझते. मिठातले क्लोराइड आयन क्विनिनची प्रतिदीप्ती मारतात. काठाला मीठ लावलेला पेला दिसतो छान, पण मीठ पेयात उतरलं की उजेड मंद होत जातो. काठाला मिठाऐवजी साखर लावा.

१२० मिली गार टॉनिक, १० मिली लिंबू, १० मिली पाक, बर्फ. इतकंच. गडद रस मिसळला की चमक झाकली जाते. संत्र्याचा रस, डाळिंबाचा पाक, कोला, सगळेच वर्ज्य. ‘शुगर-फ्री’ टॉनिकही तितकंच चमकतं, कारण चमक क्विनिनची असते, साखरेची नाही. उलट ‘टॉनिकच्या चवीचं’ एवढंच लिहिलेल्या बाटलीत क्विनिन नसेल तर चमक नाही, म्हणून घटकांच्या यादीत ते नाव शोधा. टॉनिकचा बर्फ गोठवूनही पेल्यात टाकता येतो, मात्र गोठताना फेस जातो आणि चव बोथट होते. तो शोभेपुरता.

पिवळट हिरवी चमक हवी असेल तर रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व. बऱ्याच एनर्जी ड्रिंकमध्ये ते असतं आणि ३९५ च्या स्वस्त पट्टीखालीही उजळतं. घरात तशी पट्टी आधीच असेल तर हाच मार्ग. एनर्जी ड्रिंक मुलांना द्यायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

क्विनिनचं एक पथ्य आहे. अमेरिकेत टॉनिकमध्ये ते दशलक्षात ८३ भागांपर्यंतच घालता येतं, पण गरोदर बाईने, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्याने किंवा क्विनिनची ॲलर्जी असलेल्याने या टेबलापासून लांब राहावं. टेबलावर ‘यात टॉनिक आहे’ अशी चिठ्ठी लावली की काम झालं. किटमधल्या लेबलांचा हा एक खरा उपयोग.

काळा रंग आणि चमकी

सक्रिय कोळशाची पावडर घेऊ नका. फोटोत तिच्याइतका गर्द काळा रंग दुसऱ्या कशाने येत नाही हे खरं. पण विषबाधेत ती दिली जाते ती ज्या गुणामुळे, तोच गुण इथे आड येतो: पोटातली औषधं ती शोषून घेते, गर्भनिरोधक गोळ्याही त्यात आल्या. कोणता पाहुणा कोणती गोळी घेऊन आलाय हे यजमानाला कुठून कळणार? न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने २०१८ मध्ये उपाहारगृहांतल्या तिच्या वापरावर बंदी आणली. चवही धुळीची, आणि कण तळाशी बसतात ते वेगळंच.

काळा जेल-रंग बरा, मात्र तो लाल, निळा आणि पिवळा मिळून बनलेला असतो. पाण्यात किंवा लिंबू-सोड्यात पातळ झाला की मूळ रंग उघडे पडतात आणि पेय जांभळट किंवा शेवाळी दिसतं. लोक मग आणखी रंग ओततात, पेय कडू होतं आणि सगळ्यांचे दात काळे. आधीच गडद असलेलं पेय घ्यायचं, काळ्या द्राक्षांचा रस किंवा कोला, आणि लिटरला मोहरीच्या दाण्याएवढा जेल. तो थेट टाकला तर गुठळी राहते, चमचाभर गरम पाण्यात विरघळवून मगच मिसळायचा. रंगाचा हात सैल सुटला तर दुसऱ्या दिवशी शौचाचा रंग हिरवा दिसतो. घाबरण्यासारखं काही नसतं, निळा रंग न पचता बाहेर पडतो इतकंच.

चमकीच्या बाबतीत ‘दिसतं तसं नसतं’ ही म्हण ध्यानात ठेवावी. डबीवर ‘बिनविषारी’ लिहिलेलं असणं आणि ती ‘खाण्यायोग्य’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाण्यायोग्य चमकीच्या डबीवर घटकांची यादी असते. यादी नाही, तर ती चमकी हस्तकलेची. केकवर टाकलेल्या अखाद्य चमक-पावडरीतून तांब्याची आणि शिशाची विषबाधा झाल्याची प्रकरणं अमेरिकेत २०१८ आणि २०१९ मध्ये नोंदली गेली आहेत. युरोपीय संघात २०२२ पासून टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे ई१७१, खाद्यपदार्थांत चालत नाही, आणि मोत्यासारखी झाक देणाऱ्या अनेक जुन्या पावडरींत ते असे. तिथे घेत असाल तर यादीत हा क्रमांक बघा.

योग्य चमकी मिळाली तर ७५० मिलीला चमच्याचा आठवा भाग भरपूर. शांत पेयात ती पाच मिनिटांत तळाला बसते, फसफसणाऱ्या पेयात बुडबुडे तिला फिरवत ठेवतात. दुधाळ पेयात घालणं म्हणजे पैसे पाण्यात. गंमत म्हणून ठीक, गरज म्हणून नाही.

रक्त, डोळे, हात, मेंदू

पेल्याच्या काठावरून ओघळणारं रक्त ग्लुकोज सिरपचं करायचं, साखरेच्या पाकाचं नाही. पाक पातळ असतो, सगळा खाली वाहून जातो, आणि जो वर राहतो तो वाळून रवाळ होतो. ६० मिली ग्लुकोज सिरपमध्ये पाव चमचा लाल जेल-रंग आणि अर्धा चमचा चाळलेली कोको पावडर. कोकोशिवाय रंग खेळण्यातल्यासारखा भडक लालच राहतो. पेले दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवायचे, फडक्याने कोरडे करायचे, बशीतल्या सिरपमध्ये काठ बुडवून लगेच सरळ उभे करायचे. गार काचेवर सिरप हळू उतरतं आणि वाटेतच थांबतं. पेला ओला असेल तर ते बुडापर्यंत घसरतं. हे काम पाहुणे येण्याआधी दहा मिनिटं, तासभर आधी नाही.

रक्ताचा थर पेल्याच्या तळाशी हवा असेल तर तत्त्व सोपं: जास्त साखर खाली, कमी साखर वर. २५ मिली डाळिंबाचा घट्ट पाक आधी, मग बर्फ काठोकाठ, मग चमच्याच्या पाठीवरून हळूहळू १२० मिली संत्र्याचा रस. बर्फ कमी असला तर रस जोरात खाली आदळतो आणि सगळं एकच नारिंगी होतं.

डोळ्यांसाठी डब्यातली लिची. पाक निथळून घ्यायची, बी काढलेल्या पोकळीत अर्धा चमचा लाल जॅम आणि त्यावर एक ब्लूबेरी. ब्लूबेरी सैल बसली तर पेयात सुटून तरंगते, म्हणून लिचीच्या तोंडापेक्षा किंचित मोठी निवडायची. दोन डोळे लांब काडीत ओवून पेल्यावर आडवे ठेवले तर ते शेवटपर्यंत डोळेच राहतात, पंचमध्ये सोडले तर जॅम विरघळून अर्ध्या तासात नुसती लिची. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी लिची किंवा अख्खं द्राक्ष देऊ नये, घशात अडकतं. त्यांच्यासाठी उभे काप.

बर्फाचा हात सगळ्यांना आवडतो आणि सगळ्यांची बोटं तुटतात. मोजा खाद्यपदार्थांना चालणारा, पावडर नसलेला, शक्यतो नायट्राइलचा घ्या. लॅटेक्सची अनेकांना ॲलर्जी असते. आतून धुवायचा. अर्धा ते पाऊण लिटर पाणी पुरतं. मनगटापर्यंत तट्ट भरायचा नाही, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि ताण बारीक जागी, म्हणजे बोटांच्या मुळाशी येतो. गाठ मारून ताटात आडवा ठेवायचा, पूर्ण २४ तास. काढताना मोजा ओढायचा नाही, इथेच बोटं जातात. अर्धा मिनिट कोमट पाण्याखाली धरून मनगटापासून कात्रीने कापत सोलायचा. पाण्याऐवजी रस गोठवला तर पंच पातळ होत नाही, पण साखरेमुळे बर्फ मऊ राहतो आणि बोटं आणखी नाजूक होतात. निम्मं पाणी, निम्मा रस हा तोडगा चालतो.

जेलीचे किडे वाढण्याच्या क्षणी, काठावर लटकवून. पेयात सोडलेले अर्ध्या तासात फुगून बुळबुळीत होतात. त्यांत बहुधा जिलेटिन असतं, शाकाहारी पाहुण्यांना आधी सांगा. जेलीचा मेंदू साच्यात लावणार असाल तर ताजा अननस किंवा किवी घालू नका, त्यांतली विकरं जिलेटिनची प्रथिनं तोडतात आणि जेली लागतच नाही. डब्यातला अननस शिजवलेला असतो, तो चालतो.

पेल्यातला मेंदू मोठ्यांसाठी. ३० मिली पीच श्नॅप्सवर (पीचच्या चवीचं लिकर) चमच्याच्या पाठीवरून १५ मिली आयरिश क्रीम (व्हिस्की आणि सायीचं लिकर) सोडायचं, मग ग्रेनाडिनचे, म्हणजे लाल पाकाचे, तीन-चार थेंब. पीचच्या आंबटपणाने क्रीममधलं केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, गोठतं आणि सुरकुतलेल्या गोळ्यासारखं लटकतं. केसीन आंबटपणाच्या पीएच मापावर ४.६ च्या आसपास आकसतं, म्हणून पीच लिकर फार गोड आणि कमी आंबट असेल तर मेंदू जमत नाही. तेव्हा दोन थेंब लिंबू. दोनच, जास्त घातलं तर दह्याचा चोथा तोंडात येतो. हा प्रकार दिसतो जबरदस्त, लागतो बेताचा. विसाव्या मिनिटाच्या परीक्षेत तो नापासच, म्हणून एकेका घोटाचे छोटे पेले, आणि मागणी आली की लगेच करून द्यायचे.

पार्टी संपल्यावर ड्राय आइस उरला तर तो सिंकमध्ये ओतू नका, पाइप तडकतो. कचऱ्याच्या बंद पिशवीतही नको. डबा उघडा करून मोकळ्या हवेत, मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत अशा जागी ठेवून द्या. सकाळी डब्यात काही उरलेलं नसतं.